काचेतला देव आणि बांधीतलं शेवाळ

लाखांदूरच्या बसस्टँडामागच्या मांडवात अशी गर्दी होती, की मुंगीनं आत शिरायचं तर आधी घरच्यांचा निरोप घेऊन यावं. तेव्हा गावात टीव्ही पोचला नव्हता, त्यामुळे काचेमागे काहीही ठेवलं तरी लोक टक लावून बघत. इथं तर काचेच्या पेटीत, पाण्यात, रामेश्वराहून आणलेलं पोवळ्याचं झाड होतं. गेल्या आठवड्यात हाडासारखं पांढरंफटक. आज त्याला हिरवी लव फुटलेली.

"मेलेलं जी उठलं!" सागरानंद महाराज गरजले. "हे जल पिऊन आंधळे पोथी वाचतात, लंगडे ताडावर चढतात, सासू-सुना एका ताटात जेवतात!"

तिसऱ्या चमत्काराला बायकांनी नाकं मुरडली, पुरुष हसले.

सोमाजीला मात्र हसू येईना. खांद्यावर नात चंद्रकांता, डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरनं काविळीसाठी तातडीनं भंडाऱ्याला न्यायला सांगितलेलं. सोमाजी आधी इथं आला. ते कळताच शाळेतल्या विज्ञानाच्या उषाबाई मागोमाग धावत आल्या.

"सोमाजीभाऊ, हे पाणी पोरीला पाजू नका. बस सुटेल."

"बाई, दगडाले जीव आला, तुमाले दिसून नाही राहिला का?"

"दिसतोय. तुमच्या धानाच्या बांधीत, साचल्या पाण्यावर असाच जीव येतो, तेव्हा शिव्या घालत उपसता ना?"

"नास्तिक बाई!" महाराज कडाडले. चेल्यानं तीर्थाचा पेला चंद्रकांताच्या ओठाशी नेला. "थांब! भक्ता, आधी हात कर पुढे!" महाराज म्हणाले. सोमाजीच्या तळव्यावर चिमूटभर भस्म पडलं, वर पाण्याचे थेंब. "काय वाटते?"

"गार! बर्फावानी!"

"कैलासाचा गारवा!"

जयजयकार उसळला. सोमाजीचा हात मात्र तसाच राहिला. हा गारवा ओळखीचा होता. दर श्रावणात, गुडघाभर चिखलात, ओल्या मुठीनं धानाला खत फेकताना बोटं अशीच गारठत. त्यानं भस्म चोळलं. राखेतून पांढरे कण निघाले.

"थांब!" त्यानं पेला चेल्याच्या हातून उडवला. "महाराज, हा कैलास माह्या घरी पोत्यानं पडला हाये. युरिया हाये हा!"

माणसं टाचा उंचावून त्याच्या तळव्याकडे बघू लागली.

"हेच भस्म रोज तुमच्यादेखत पेटीत पडत होतं," उषाबाई म्हणाल्या. "वरून तुमचं दूध, गूळ, भरपूर ऊन. शेवाळाला आणखी काय हवं? पोवळं कधीचंच मेलंय. समुद्रातल्या जिवंत पोवळ्याला खुराक लागतो, पण नखाएवढा. जास्त झाला की शेवाळ माजतं आणि पोवळ्याचाच जीव घेतं. महाराजांनी आणलेला हा जीव म्हणजे मढ्यावरचं गवत."

"समुद्रदेव कोपेल!" महाराज ओरडले.

"कोपू द्या जी," सेवकराम पानवाला म्हणाला. "इथवर यायले त्याले तीन एसट्या बदलाव्या लागतात."

महाराज असे पळाले, की त्यांच्या खडावा मांडवात बराच वेळ एकट्याच चालत होत्या.

सोमाजीनं भंडाऱ्याची बस गाठली. सरकारी दवाखान्यातून चंद्रकांता बरी होऊन आली, आणि पहिल्याच दिवशी शेजाऱ्याच्या बोरी झोडपून आली.

तेव्हा मंडळी, कोणी तीर्थ पुढं केलं तर विचारा: यात घातलंय काय? देव असेल तर विचारल्यानं रागावणार नाही. जो रागावला, तो दुकानदार समजा.