संशयितांची यादी

कॉलनीच्या गेटवर कॅमेरे बसवले तेव्हा नारळ मीच फोडला. सेक्रेटरी ना मी! संशयित दिसला की कॅमेरा आपणहून त्याचा फोटो यादीत टाकतो, एवढं कंपनीवाल्यानं सांगितलं. संशयित कुणाला म्हणायचं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

महिनाभरात रत्नमालाबाई त्या यादीत अठरा वेळा आल्या. त्या कॉलनीत चार घरी पोळ्या करतात. अध्यक्ष सुदर्शनरावांनी फर्मान काढलं, सोमवारपासून त्यांना गेट बंद. चार घरांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. त्यात माझंही घर होतं.

रविवारच्या बैठकीत बाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. कॅमेरा काय बघतो, फोटो कोण पाहतं, किती दिवस ठेवतात, त्यांनी एकेक करून विचारलं. ती आतली माहिती आहे, असं सुदर्शनराव म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण उत्तरं मलाही ठाऊक नव्हती.

"चेहरा माझा, अन् माहिती तुमची आतली?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "सगळ्यांपुढं यादी उघडा. तोवर मी इथून हलणार नाय."

सुदर्शनराव नको नको म्हणत असतानाच मी मोबाइलवरची यादी हॉलमधल्या टीव्हीवर लावली. पहिला फोटो बाईंचा, तोंडाला स्कार्फ. मधेमधे पुन्हा त्याच, बाकी सगळे स्कूटीवरच्या बायकांचे, त्याही तशाच. एप्रिलच्या उन्हात आपल्याकडं कुठली बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळल्याशिवाय बाहेर पडते? आणि झाकलेला चेहरा दिसला की कॅमेऱ्याच्या लेखी चोर.

एका फोटोपाशी सुदर्शनरावांची बायको मोनिका उठून उभी राहिली. "ही मी आहे. सोमवारपासून मलापण गेट बंद का?"

बंदी तिथंच उठली. मी रत्नमालाबाईंना म्हणालो, या उद्यापासून. पण त्यांच्या प्रश्नांची उत्तरं अजून मिळाली नव्हती. ती गेटवर लिहून लावा, मग येते, एवढं सांगून त्या गेल्या. चार घरचं काम पणाला लावून!

तीन दिवस आम्ही करपलेल्या पोळ्या खाल्ल्या आणि मी कंपनीवाल्याचं डोकं खाल्लं. गुरुवारी बोर्ड लागला. कॅमेरा काय टिपतो, फोटो कोण बघतं, कधी पुसतात, सगळं त्यावर होतं. खाली तक्रारीसाठी माझा नंबर.

बाई स्कार्फ गुंडाळूनच आल्या. बोर्ड शेवटपर्यंत वाचला, मोबाइल काढला. मी शेजारीच उभा होतो, माझा फोन वाजला.

"लागतो का, ते बघितलं," त्या म्हणाल्या आणि पोळ्या करायला आत गेल्या.