एका पायावरचा करकोचा

रादोस्तिनाने पांढऱ्या लांब फुग्याला सातवा पीळ दिला, तसा तो हातातच फुटला. तिने दचकायचं कधीच सोडलं होतं. रबराच्या चिंध्या एप्रनच्या खिशात कोंबून तिने पंपाला दुसरा फुगा लावला.

वार्ना शहराच्या समुद्रकाठच्या बागेत त्या उन्हाळ्यात प्रत्येक पोराला त्राको हवा होता. टीव्हीवरच्या कार्टूनमधला, लोकांची पत्रं चोरून वाचणारा करकोचा पोस्टमन. वाचताना तो एका पायावर उभा राहतो, म्हणून फुग्यांचाही तसाच हवा. दोन पायांचा दिला तर पोरं म्हणत, “हे तर बदक आहे.”

जवळजवळ दोन आठवडे रादोस्तिना बागेतून घरी परतल्यावर स्वयंपाकघरात बसून पीळ देत होती. अंगठ्यांची सालं निघाली. करकोचा दर वेळी तोंडावर पडे. शेवटी वैतागून तिने त्याची मान मागे ओढली, पोटाखाली उलटी गाठ मारली, आणि तो उभा राहिला. तिला आनंद व्हायला हवा होता. ती नुसती त्याच्याकडे बघत बसली, मग भांडी घासायला उठली.

आता तिच्यापुढे रांग असे. कारंज्याच्या पलीकडे दुसरे फुगेवाले, मेतोदीकाका, रिकामे बसलेले दिसत. ती कामाला होती तो शिवणकारखाना बंद पडला तेव्हा फुग्याचा पहिला कुत्रा वळायला तिला त्यांनीच शिकवलं होतं. पुढे बसायच्या जागेवरून दोघांचं बिनसलं, आणि सहा उन्हाळे ते एकमेकांशी बोलले नव्हते.

त्या दुपारी तिने मान वर केली, तर रांगेत मेतोदीकाका. दोन पोरांच्या मागे, टोपी हातात घेऊन.

शेजारी उकडलेली कणसं विकणारी स्तांका तिच्या कानाशी लागली. “म्हातारा घरी नेऊन पीळ सोडून गाठ शिकणार बघ. उद्या रांग तिकडे. संपले म्हणून सांग.”

 पुढच्या दोन करकोच्यांना रादोस्तिनाने उगाच वेळ लावला. मग मेतोदीकाकांचा नंबर आला.

“एक त्राको,” ते टेबलाकडे बघत म्हणाले.

“नातीला का?”

“नात आता सतरा वर्षांची आहे.” त्यांनी टोपी खिशात कोंबली. “मलाच.”

तिने फुगा फुगवला. एरवी ती गाठ तळहाताआड मारायची. आज तिने हात पुढे घेतले आणि करकोचा उताणा धरला. मेतोदीकाका वाकले, डोळे बारीक केले.

“गाठ उलटी?”

“सुलटी मारली की पडतो.”

“हे मी तुला शिकवलं नव्हतं.”

“नाही.”

करकोचा टेबलावर उभा राहिला. काकांनी पैसे ठेवले, पण करकोचा उचलला नाही. टेबलाच्या कडेवर त्यांची बोटं थरथरत होती. सहा वर्षांत रादोस्तिनाने ती इतक्या जवळून पाहिली नव्हती.

“गाठ तेवढी पुन्हा दाखव,” ते म्हणाले.

रांगेत कुणाची तरी आई करवादली. रादोस्तिनाने गाठ सोडायला घेतली आणि मध्येच थांबली. पायाने तिने आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

“बसा. पाय तुम्ही वळा. गाठ मी मारते.”

मेतोदीकाका बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिले, मग बसले. पहिल्या करकोच्याचा पाय वळायला त्यांना तीन फुगे लागले. तोवर रांग थांबून होती.