काठवटीच्या पाठीवर

"कोनाचं नाव टाकू?" इश्वरभाऊंनी विचारलं.

काठवट तयार होती. शिवणीच्या एकाच ओंडक्यातून कोरलेली, पीठ मळायला पसरट, कडेला जाडजूड. माझी नणंद रुचिता, तिच्या लग्नात द्यायला मी ती सानगडीच्या या सुतारांकडून मुद्दाम करवून घेतली होती. पॉलिश करू दिलं नव्हतं, फक्त जवसाचं तेल. तरी बोट फिरवून कुसळ शोधत होतेच, तोवर कडेवरच्या मोनूनं वाकून तिची कड चाटली. त्याला दात येत होते. जगात चाटण्यासारखं काय काय आहे, हे मला आई झाल्यावर कळलं.

"'भाऊ वीरेंद्र याजकडून सप्रेम भेट', असं डागून देतो," इश्वरभाऊ म्हणाले. वीरेंद्र म्हणजे माझा नवरा. त्याला काठवटीचा पत्ताही नव्हता.

"पण वस्तू तर रुचिताची ना?"

"आहेरावर देनाऱ्याचं नाव रायते, वहिनीबाई. नाही तं लोकाले समजल कसं, कोनं देल्ली?"

खरंच होतं ते. आमच्या घरातला गंज, म्हणजे मोठं पातेलं, मामेसासऱ्यांच्या नावाचा, बादली कुणा साडूच्या, परातीवर माझे बाबा. पाच वर्षं मी ती भांडी घासते आहे, माझं नाव कशावरच नाही. आणि परवाच कपडे वाळत घालता घालता रुचिता हसत म्हणाली होती, "वहिनी, आसगावले दोन जावा आन सैपाकखोली एक. त्यात माहं म्हनून काय रायल व?" हसत म्हणाली, पण चिमटा लावायचा सोडून हातातच धरून उभी राहिली.

"रुचिता आणि कैलाश, एवढंच टाका," मी म्हणाले. कैलाश म्हणजे होणारा जावई, आसगावचा. "जेवण झाल्यावर डागतो," असं इश्वरभाऊंनी सांगितलं आणि मी घरी आले.

घरी मोनूनं सासूबाईंची जुनी काठवट पालथी घातली आणि वर चमचा बडवू लागला. मी चमचा काढून घ्यायला वाकले, तर बुडावर एक खूण दिसली. अर्धा गोल, आत ठिपका. रोज त्याच काठवटीत मळते मी, पण पालथी करून कधी पाहिली नव्हती.

"आई, हे काय आहे?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. ताराबाई त्यांचं नाव. बोलणं कमी, पण सुरू झालं की थांबत नाही. "काय आहे म्हंजे? काठवट आहे."

"ही खूण हो. चंद्र आहे का?"

"नाही."

"कान? बाळी घातलेला?"

"तुह्या डोक्यात बी काय काय येते!"

मी तिथून हललेच नाही. शेवटी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"मायनं देल्ली होती मले. लगन होऊन आली, आन पयल्याच साली बाजूले लगन निंगालं. सैपाकाले गावभराची भांडी नेली. वापस आली तं हात लावल्याबरोबर समजलं, हे माही नोहे."

"कसं समजलं?"

"माहीची कड अंगठ्याखाली जराशी दबली होती. हे गुळगुळीत. सासूले सांगतलं, तं ते म्हने, काठवट ते काठवट, गुमान पीठ मळ."

"मग तुम्ही गप्प बसलात?"

"काहून बसू? पदर घेतला आन घरोघरी गेली. ज्याच्या त्याच्या सैपाकखोलीत घुसून काठवटी पालथ्या केल्या. नवी नवरी मी! लोक म्हने, बाई बह्याड झाली."

"सापडली?"

"रुखमिणीच्या गोठ्यात. माह्या काठवटीत गाईले कोंडा देऊन राहिले होते!" इतक्या वर्षांनीही त्यांचा आवाज चढला. "त्याच दिवशी विळ्याच्या टोकानं खूण केली. लिवता कुठं येत होतं मले."

"लिहिता आलं असतं तर नाव टाकलं असतं?"

"नाही. ताराबाई अजून दोघी होत्या गावात. आन दुसऱ्याकून लिवून घेतलं तं माह्या हाताले कसं सापडल?"

मी घड्याळ पाहिलं. इश्वरभाऊंचं जेवण होऊन गेलं असणार. फोन लावला, ते उचलेनात. मोनूला काखोटीला मारलं आणि निघाले.

पोचले तर इश्वरभाऊंची सळई लालभडक झाली होती. काठवट मांडीवर, तिच्यावर पेन्सिलीनं नावं आखलेली. खाली, न सांगता, 'भाऊ वीरेंद्र'ही होताच, सगळ्यांपेक्षा मोठा.

"थांबा!"

मोनू दचकून रडायला लागला.

"पुसा ते."

"सबन?"

"सगळं."

"बिना नावाचा आहेर? लोक म्हनतीन, इश्वरले लिवता येत नाही."

"मी सांगीन सगळ्यांना, अक्षर सुंदर आहे म्हणून."

पुटपुटत त्यांनी सळई पाण्यात बुडवली. चर्र आवाज झाला, तसा मोनू रडायचा थांबला आणि पुन्हा करा म्हणून हात करू लागला.

आमच्याकडे हळद लागली की नवरीच्या हाती लोखंड देतात, नजर लागू नये म्हणून. रुचिताच्या हाती लहानशी सुरी होती. मी काठवट तिच्यापुढे पालथी ठेवली आणि आईंची गोष्ट सांगितली. ती आईंकडे वळली.

"आई, तू घरोघरी गेलती?"

"गेली नाही तं काय? तू बी कर आपली खूण," सासूबाई म्हणाल्या.

रुचितानं पिवळ्या हातानं सुरी टेकवली. मोनू सुरीकडे झेपावला. मी त्याला धरून मागे ओढलं, आणि तेवढ्यात तिनं खूण करून काठवट उताणी केलीसुद्धा.

"दाखव ना!"

"नाही दाखवत."

तशीच ती आसगावला गेली.

लग्नानंतर महिन्याभरात तिचा फोन आला. "वहिनी, बाजूले बारसं होतं. मोठ्या जाऊबाईनं माही काठवट देऊन देल्ली, मले न इचारता."

"मग?"

"वापस आली. दुसरीच."

"अगं!"

"मंग का, मी गेली. चौथ्या घरी सापडली."

मागून आमच्या सासूबाई फोनकडे कान देऊन उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"रुचिता, आता तरी सांग. खूण काय केली आहेस?"

"ये ना आसगावले," ती म्हणाली. "पीठ मळशीन आन पालथी करून पाह्यशीन."