चारही कोपऱ्यांत बत्तीस

मी न्यूमोनियातून उठलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "ह्यांना थंडीपासून जपा." हे वाक्य त्यांनी माझ्या लेकीसमोर बोलायला नको होतं. लेक चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. चिठ्ठीवर जो नंबर असेल त्यात ती पाव नंबराचाही फरक करत नाही, गिऱ्हाईक कितीही रडलं तरी.

दवाखान्यातून माझी रवानगी थेट तिच्या घरी झाली, चौथ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत. खिडकीच्या फटींना चिकटपट्ट्या लागल्या. गॅलरीच्या दारालाही पट्ट्या लागल्या, खाली जुनी चादर कोंबली गेली. हीटर आला. माझे बूट कपाटाच्या माथ्यावर गेले. तिथवर पोचायला स्टूल लागतं आणि स्टूल स्वयंपाकघरात असतं. माझ्या घराची चावी लेकीच्या पर्समध्ये गेली, आणि त्या पर्समध्ये गेलेली वस्तू तिच्या नवऱ्यालाही आजवर परत मिळालेली नाही.

पाच आठवडे झाले. छाती साफ झाली, खोकला गेला, चिकटपट्ट्या राहिल्या.

"कैद्याला निदान किती वर्षं ते सांगतात," मी जावयांना म्हणालो.

जावई लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. अडकलेल्या माणसांना बाहेर काढणं हा त्यांचा धंदाच. ते म्हणाले, "लिफ्टमध्ये अडकलेल्याला आम्ही पहिली सूचना देतो, बाबा. शांत राहा, दार ओढू नका."

"आणि मग?"

"मग आम्ही येतो."

"तुम्ही तर इथंच आहात."

"घरच्या लिफ्टचं काम माझ्याकडे नाही," असं म्हणून त्यांनी पेपर वर धरला.

अशात नातीची शाळेची सहल निघाली, दहा दिवसांची. नातीकडे एक कासवाचं पिल्लू आहे, जमिनीवरचं, बिस्किटाएवढं. त्याचं नाव साहेब. दिवसभर काही करत नाही आणि त्याचं तापमान बाकीच्यांनी सांभाळायचं असतं, म्हणून साहेब. साहेबांना कुणी सांभाळायचं हा प्रश्न निघाला तेव्हा मी हात वर केला.

लेक हसली. "तुम्ही? स्वतःची गोळी घेतली की नाही हे तुम्हाला मला विचारावं लागतं."

"पस्तीस वर्षं मी उबवणी केंद्रात यंत्रावर होतो. एकवीस-एकवीस दिवस अंडी सांभाळली आहेत. एका वेळी दहा हजार."

"ठीक आहे," लेक म्हणाली. "दहा दिवस ह्याला धडधाकट ठेवून दाखवा. मग घरी एकटं राहायचं म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही. चावी देईन."

"आणि नाही जमलं तर?"

"मग उन्हाळ्यापर्यंत तो विषय काढायचा नाही."

जावयांनी पेपर खाली घेतला, आमच्या दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरला.

नातीनं जाताना मला एक कागद दिला. जांभळ्या खडूनं लिहिलं होतं: दिव्याखाली ३३. लपायच्या डब्यापाशी २३. रात्री दिवा बंद, पण १८च्या खाली नको. रोज कोमट पाण्यात दहा मिनिटं. "आजोबा, काही बदलू नका हं," ती म्हणाली. मी म्हणालो, "बेटा, तू निर्धास्त जा."

ती गेली आणि मी पेटी तपासली. पेटी म्हणजे जुन्या टेबलाचा लांब खण, त्यात माती, एका टोकाला दिवा, दुसऱ्या टोकाला उपडा घातलेला मातीचा डबा. दिव्याखाली तेहतीस, डब्यापाशी तेवीस. एकाच पेटीत दहा अंशांचा फरक! मला हसू आलं. पोरीचा दोष नव्हता, तिला शिकवलंच कुणी नव्हतं. आमच्या केंद्रात एका कोपऱ्यात अर्धा अंश कमी पडला तरी मी जेवण टाकून यंत्रापाशी बसायचो. माझ्या निरोपसमारंभात मॅनेजर म्हणाले होते, "ह्यांच्या यंत्रात कुठल्याही कोपऱ्यात हात घाला, आईच्या कुशीत घातल्यासारखं वाटतं." त्या मॅनेजरांना अंडं आणि बटाटा ह्यांतला फरक कळत नव्हता, पण हे ते खरं बोलले होते.

मी कामाला लागलो. दिवा टोकाचा मध्यावर घेतला. खणावर पुठ्ठ्याचं झाकण बसवलं, आतून चकचकीत कागद लावला. जावयांच्या हत्यारपेटीतून एक इवलासा पंखा मिळाला, तो हवा फिरवायला. चार कोपऱ्यांत चार थर्मामीटर. संध्याकाळी लेक घरी आली तेव्हा चारही कोपऱ्यांत बत्तीस होते.

"हे काय केलंत?"

"सुधारणा."

ती वाकून बघून म्हणाली, "छान झालंय." आणि हीटर थोडा वाढवून गेली.

दोन दिवस मी राजा होतो. पाच आठवड्यांत पहिल्यांदा मला सकाळी उठायला कारण होतं. मनातल्या मनात मी माझ्या घरी पोचलोही होतो, खिडकी उघडून, लुंगीवर, बाहेरची हवा छातीवर घेत.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी पानं खाल्ली नाहीत. मी म्हटलं, साहेब लोकांना भूक कमीच असते. चौथ्या दिवशी ते भिंतीच्या कडेनं चालायला लागले. खर्र, खर्र, खर्र. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपऱ्यात डोकं घासायचं, मागच्या पायांवर उभं राहायचं, आपटायचं, पुन्हा खर्र. मी खूश. लेकीला हाक मारली, "बघ, केवढा उत्साह!"

"खरंच की," ती म्हणाली. "आधी इतका चालायचा नाही."

पाचव्या दिवशीही खर्र चालूच होतं. मला ऐकवेना. का ऐकवेना ते कळेना. मी खोलीत फेऱ्या मारत होतो. पलंगापासून चिकटपट्टीच्या खिडकीपर्यंत, तिथून गॅलरीच्या दारापर्यंत, काचेला कपाळ टेकवायचं की परत. माझ्या घासत्या पावलांचाही आवाज साधारण तसाच येत होता, पण ते तेव्हा लक्षात आलं नाही.

सहाव्या दिवशी अकरा वाजता आवाज थांबला. झाकण काढून पाहिलं तर साहेब एका कोपऱ्यात उताणे पडले होते, भिंत चढताना पडलेले. सरळ केले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. डोळे आत गेले होते. माती हातात घेतली तर पिठासारखी उडाली.

चारही कोपऱ्यांत बत्तीस होते.

लेक दुकानात, जावई कुठल्याशा इमारतीच्या नवव्या मजल्यावर लोंबकळत. लेकीला फोन केला असता तर ती धावत आली असती, पण मग चावी गेली. फोन न करावा तर साहेब गेले. आता खोटं कशाला बोलू, मी दोन-तीन मिनिटं हा हिशोब केला. तेवढ्यात साहेबांनी एक पाय ताणला, म्हाताऱ्यानं झोपेत ताणावा तसा, आणि मी उठलो.

दाराला कुलूप नव्हतं. कुलपाची गरजच नव्हती. बूट नसलेला माणूस कुठं जाणार? स्टूल आणून बूट काढता आले असते, पण स्टुलावरून पडलो असतो तर पुढच्या जन्मीही चावी मिळाली नसती. मी बाथरूममधल्या स्लिपर घातल्या. एक जावयांची, एक नातीची. साहेबांना माझ्या कानटोपीत ठेवलं, कानटोपी सदऱ्यात, आणि पाच आठवड्यांनी चार मजले उतरलो.

बाहेरची हवा तोंडावर आली तेव्हा मी चक्क थांबलो. आजारी जनावर पोटाशी धरलेल्या माणसानं थांबू नये, पण थांबलो. मग भानावर येऊन चालू लागलो.

जनावरांची डॉक्टर दोन गल्ल्या सोडून होती. तरणी पोर, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तिच्या खोलीत एक बाई मांजर घेऊन बसली होती. माझ्या पायांकडे बघून तिनं मांजर जवळ ओढलं. डॉक्टरीणबाईंनी साहेबांना छोट्या काट्यावर ठेवलं. तिच्याकडच्या साहेबांच्या जुन्या कार्डावर वजन चौसष्ट ग्रॅम होतं. आता अठ्ठावन्न.

"पेटीत तापमान किती ठेवता?"

मी ताठ झालो. "बत्तीस. चारही कोपऱ्यांत. काट्याला काटा."

तिनं मान वर केली. "चारही कोपऱ्यांत?"

"मी पस्तीस वर्षं अंडी उबवली आहेत, बाई."

"आजोबा, अंड्याला पाय असतात का?"

मांजरवाली बाई हसली. मी म्हणालो, "नाही."

"म्हणून त्याला सगळीकडे सारखं लागतं. ह्याला चार पाय आहेत. ऊब झाली की हा दूर जातो, गार झाला की परत येतो. ह्याला नेमकं किती लागतं ते मला माहीत नाही, तुम्हाला माहीत नाही, त्याचं त्यालाच माहीत. तुम्ही ह्याला जायला जागाच ठेवली नाहीत. भिंतीच्या कडेनं फिरत असेल ना? तो बाहेरची वाट शोधत होता."

"मला वाटलं, उत्साह आहे," मी म्हणालो.

तिनं साहेबांना कोमट पाण्याच्या वाटीत ठेवलं. हनुवटी जेमतेम पाण्याच्या वर. मिनिटभरानं त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं. आमच्या मॅनेजरांनीही कधी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. "लवकर आणलंत," ती म्हणाली. "वाचेल. दिवा एका टोकाला न्या, झाकण काढा, माती ओली करा."

परत आलो तर लेक दारात उभी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दुकानात फोन केला होता: तुझे वडील दोन रंगांच्या स्लिपर घालून पळून गेले.

"बाबा!" तिचा आवाज फाटला. "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? या थंडीत? उघड्या डोक्यानं? कानटोपी कुठाय?"

मी सदऱ्यातून कानटोपी काढली आणि तिच्या हातात दिली. तिनं आत पाहिलं.

"काय झालं ह्याला?"

सांगायला बऱ्याच गोष्टी होत्या. मुळातच अशक्त होता, नात नाही म्हणून उदास होता, पानं शिळी होती. ह्यातली एखादी चांगली मांडता आली असती. पण आमच्या केंद्रात एक नियम होता: अंडी खराब झाली तर ती कुणाच्या पाळीत झाली ते दुसऱ्यानं सांगायचं नसतं, पाळीवाल्यानं स्वतः सांगायचं.

"मी केलं," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. बत्तीस सांगितलं, खर्र सांगितलं, वजन सांगितलं, अंड्याला पाय नसतात तेही सांगितलं. "तेव्हा चावी राहू दे तुझ्याकडेच. उन्हाळ्यापर्यंत मी विषय काढत नाही."

ती कानटोपी घेऊन आत वळली. आम्ही दोघांनी मिळून पेटी पुन्हा लावली. दिवा टोकाला, पंखा बंद, झाकण बाहेर, डबा जागेवर. साहेबांना मी दिव्याखाली ठेवलं. ते पाच मिनिटं बसले, मग उठले आणि पाय ओढत गार टोकाला गेले. डब्याच्या सावलीत मान लांब करून पडले. खर्र नाही, काही नाही. लेक जमिनीवर गुडघ्यावर बसून बघत होती.

"आता तिथंच राहिला तर? गारठेल ना."

"बघू."

"उचलून ठेवू का मी दिव्याखाली?"

"थांब जरा."

ती थांबली. लेकीला थांबताना मी प्रथमच पाहत होतो. चष्म्याची काच बसवताना धरतात तसा तिनं श्वास धरला होता. वीसेक मिनिटांनी साहेब उठले, वळले, आपले आपण दिव्याखाली आले आणि एक पान ओढलं.

"आला," ती म्हणाली. मग उठली, गॅलरीच्या दाराशी गेली आणि खालची चादर पायानं बाजूला केली. चिकटपट्टी ओढली तेव्हा दाराचा रंगही निघून आला.

"अर्धा तास," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "शाल घेऊन."

"शाल नको."

"बाबा—" एवढं म्हणून तिनं शाल स्वतःच हातात घेतली.

मी शाल न घेता गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. स्वातंत्र्य पहिली सात मिनिटं फार छान होतं. आठव्या मिनिटाला नाक वाहू लागलं. दहाव्याला गुडघे वाजू लागले. पण अर्ध्या तासासाठी बाहेर पडलेल्या माणसानं दहा मिनिटांत आत जायचं म्हणजे पाच आठवड्यांचं भांडण वाया. मी समोरच्या भिंतीकडे करारी चेहऱ्यानं बघत राहिलो.

तेवढ्यात जावई घरी आले. काचेतून त्यांनी मला पाहिलं, बायकोला पाहिलं. ती शाल हातात घेऊन काचेच्या आत उभी होती. कडीवर हात होता, कडी काढत नव्हती.

"काय चाललंय?" त्यांचा आवाज आला.

"काही नाही. त्यांना वाटेल तेव्हा येतील."

"आणि तू?"

"मी उभी आहे."

आणखी चार मिनिटं मी कशीबशी काढली. मग खुर्ची उचलून आत आलो. तिनं शाल माझ्या अंगावर टाकली नाही, पलंगावर ठेवली. ती मी आपणहून घेतली.

"रविवारी तुमच्या घरी जाऊन येऊ," ती म्हणाली. "खिडक्या उघडायला. राहायचं उन्हाळ्यात बघू."

"चावी दे, मी जाऊन येतो."

"वर तुम्ही एकटे जा. मी खाली थांबीन."

जावयांनी स्टूल आणून माझे बूट खाली काढून ठेवले. पेपर काही त्यांनी त्या दिवशी उघडला नाही.