वाटेवरच्या माणसाची उशी

खळगा उशीच्या बरोबर मध्ये कधीच नव्हता. तो खिडकीच्या बाजूला दोन बोटं सरकलेला असे, कारण झारुहीचा नवरा सेद्राक खिडकीकडे तोंड करून झोपायचा. खळग्याची खोली अंगठ्याच्या पेराएवढी. झारुही रोज संध्याकाळी ती उशी दोन्ही हातांनी थोपटून सारखी करी आणि रोज सकाळी खळगा पुन्हा जागच्या जागी असे. इतक्या वर्षांत त्यात फरक पडला नव्हता. या वसंतात मात्र तो हलला. आधी मध्यावर आला आणि जुलै उजाडेपर्यंत तिच्या बाजूला कलला. झोपेत कुणी कूस बदलावी आणि शेजारी झोपलेल्या बायकोकडे तोंड करावं, तसा.

झारुही गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. खळगा परत का येतो हे तिला ठाऊक होतं. लोकरीला ऊब, ओल आणि दाब एकत्र मिळाले की तिचे तंतू एकमेकांत अडकतात आणि नमदा तयार होतो. सेद्राकच्या डोक्याखाली वर्षानुवर्षं तेच झालं होतं. उशीच्या आत एक घट्ट वाटी बसली होती. वरची लोकर कितीही फुगवली तरी रात्रीतून ती वाटीत उतरे. पहाटे उशी हाताला कोमट लागे, त्यालाही उत्तर होतं. सेवान सरोवरावरचं धुकं खिडकीतून आत येई, दिवसभर सुकलेली लोकर ती ओल पिई, आणि ओल पिताना लोकर थोडी उष्णता सोडते. आठवीच्या वर्गाला ती हे दरवर्षी सांगायची. तंबाखूचा आणि ओल्या चुन्याचा वास यायचा, तोही त्या ओलीबरोबरच वर येत असणार.

सगळ्याला उत्तर होतं. तरी त्या बाजूला पाठ करून ती एकदाही झोपली नव्हती.

खळगा वळला, याला मात्र तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने पलंगाचे पाय तपासले, जमिनीला उतार आहे का पाहिलं, उशी उलटी करून ठेवली. सकाळी खळगा तिच्याच बाजूला होता. वर्गात फळ्यावर लिहिताना कधीकधी तिला मानेवर कुणाची तरी नजर जाणवायची. वळून बघावं तर मुलं वह्यांत डोकं घालून बसलेली.

सेद्राक गेला तेव्हा त्यांच्या लेकीचे, शुशानचे, दुधाचे दात पडत होते. गावातले अर्धे पुरुष बर्फ वितळलं की रशियात बांधकामावर जातात आणि पहिलं बर्फ पडायच्या आत परततात. त्या वर्षी बाकीचे परतले. तो दुसऱ्या मुकादमाबरोबर पुढे गेला, असं त्यांनी सांगितलं. मग फोन लागेनासा झाला. पुढे कुणी म्हणालं, सायबेरियात परांचीवरून पडला. कुणी म्हणालं, छे, रोस्तोव्हला आहे, दुसरी बायको केली, मुलगाही झालाय. चौकशा करून झाल्या. प्रेत नाही, पत्ता नाही. कुणी विचारलं की झारुही म्हणायची, "मला माहीत नाही." ते खरंच होतं.

घरात एक नियम होता. सासूबाईंना, वार्सेनिकला, तो त्यांच्या सासूकडून मिळालेला. वाटेवर असलेल्या माणसाची उशी उसवायची नाही. त्याची लोकर धुतली की त्याची घरची वाटही धुऊन जाते. मेलेल्या माणसाची उशी चाळिसावा दिवस झाला की उसवायची, लोकर सरोवरात धुवायची आणि घरच्या लोकरीत मिसळून टाकायची. म्हणून दर उन्हाळ्यात घरातली प्रत्येक गादी, दुलई आणि उशी अंगणात येऊन उसवली जाई, आणि एक उशी आत पलंगावर तशीच राही. ती उसवायची तर आधी कुणीतरी सेद्राक आता वाटेवर नाही, असं तोंडाने म्हणायला हवं होतं. वार्सेनिक आई होती. झारुहीकडे पुरावा नव्हता.

या ऑगस्टमध्ये लोकरीचं काम नेहमीपेक्षा मोठं होतं. शुशानचं लग्न शरदात ठरलं होतं, आणि नवरी स्वतःच्या घरचं अंथरूण घेऊन जाते. शेजारची पेप्रोन आपल्या दोन सुनांना घेऊन सकाळीच हजर झाली. अंगण थेट सरोवराच्या काठाला टेकलेलं, त्यामुळे धुणं तिथेच, वाळवणं काठावरच्या गोट्यांवर, आणि फोकांनी झोडपणं सफरचंदाच्या झाडाखाली.

"मूठ आवळ," पेप्रोन शुशानच्या हातात लोकरीचा पुंजका देत म्हणाली. "आता सोड. बघ कशी उसळली! खांद्यावरची लोकर आहे, लांब धाग्याची. उशीला हीच घ्यायची. कोकराची गालाला गोड लागते, पण वर्षभरात तुझ्या सासूच्या तोंडासारखी बसून जाईल."

"माझी सासू हसरी आहे, मावशी."

"लग्नाआधी सगळ्याच हसऱ्या असतात गं. विचार तुझ्या आईला."

"मी ऐकतेय, पेप्रोन," वार्सेनिक बाकावरून म्हणाली. तिच्या मांडीवर रिकाम्या खोळी होत्या आणि ती शिवणींतला जुना दोरा ओढून काढत होती.

"ऐकावं म्हणूनच बोलतेय, वार्सेनिक-जान. कान शाबूत आहेत का ते बघत होते."

सुना हसल्या. शुशान गुडघाभर पाण्यात उतरली आणि लोकर खसखसा चोळू लागली.

"अगं, अगं! चोळतेस काय?" पेप्रोन ओरडली. "गार पाण्यात बुडव, दाब, सोड. चोळलीस की टोपी होईल, उशी नाही. नवऱ्याला टोपीवर झोपवणार आहेस का?"

झारुही झाडाखाली बसून वाळलेली लोकर झोडपत होती. फोक हवेत शिट्टी घाली आणि लोकरीत बसताना आवाज मऊ होई. वार्सेनिक खोळी बाजूला ठेवून उठली, तिच्याजवळ आली आणि वाकून हळू आवाजात म्हणाली, "मी पाहिलं."

"काय, मायरिक?" झारुही सासूला मायरिक, म्हणजे आई, म्हणायची.

"उशी. तू घरात नसतेस तेव्हा मी रोज जाऊन बसते तिथे. वळलाय तो तुझ्याकडे." म्हातारीच्या डोळ्यांत झारुहीने कित्येक वर्षांत न पाहिलेला उजेड होता. "निघालाय, पोरी. लेकीच्या लग्नाला येतोय. कुणाला बोलू नकोस, दृष्ट लागेल."

झारुहीचा फोक वरच्या वर थांबला. आपल्या एकटीलाच ते दिसतंय, एवढाच एक आधार तिने धरला होता. एकटीला दिसतं ते चुकीचं असू शकतं. दोघींना दिसतं म्हणजे ते तिथे आहे.

तेवढ्यात पेप्रोनने घरातून आणून ठेवलेली पेटी उघडली. त्यात शुशानच्या उशांसाठी आणि दुलयांसाठी गेल्या शरदात निवडून ठेवलेली कोरी लोकर होती. पेप्रोनने एक मोठा पुंजका उचलून झटकला आणि त्यातून बारीक तुकडे कापलेल्या गवतासारखे खाली पडले. तिने दुसरा उचलला. त्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या रेशमी नळ्या चिकटलेल्या होत्या. एक पिवळट, इवलासा पतंग लोकरीतून निसटला आणि उडण्याऐवजी तुरुतुरु पळत पेटीच्या सावलीत शिरला.

"कसर लागलीय," पेप्रोन म्हणाली.

"पण ती तर नवी आहे!" शुशान पाण्यातून धावत आली. "आपण धुऊन ठेवली होती, मावशी. दवणासुद्धा घातला होता."

"नव्या, धुतलेल्या लोकरीत कसर आपणहून जन्माला येत नाही. तिला जुनी लागते. घाम प्यायलेली, अंधारातली, कुणी न हलवलेली. तिथून ती पसरते." पेप्रोनने पेटी वाकवून तळ पाहिला. "वरची अर्धी गेली. खालची झोडपून निघेल, पण जिथून आली ती जागा तशीच राहिली तर पुढच्या वर्षी तुझ्या संसारातही येईल. पेटी होती कुठे?"

"आईच्या खोलीत," शुशान म्हणाली. "पलंगाशी."

सुनांनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग पाण्याकडे. एरवी अशा वेळी पेप्रोनने काहीतरी टोला हाणला असता. या वेळी ती फक्त म्हणाली, "झारुही, मी तुला काही सांगायला नको."

"नको," झारुही म्हणाली आणि उठून घरात गेली.

खोलीत पाऊल टाकताच तिला चादरीवर पडलेली बारीक कणी दिसली. सगळा वसंत ती रोज सकाळी झटकत होती. छताचा चुना पडतोय असं तिने धरून चाललं होतं. चुना पांढरा असतो. ही कणी जुन्या लोकरीच्या मळकट रंगाची होती, जे खाल्लं त्याच रंगाची. तिने उशीच्या आपल्या बाजूच्या कडेवर बोट दाबलं. बोट सरळ आत गेलं. आत लोकर नव्हती, भुगा होता. पेटी पलंगाच्या उशाशी त्याच बाजूला असायची. तिची फट आणि उशीचं टोक यांच्यात हातभर अंतर. जिथे खाल्लं तिथे उशी खचली, आणि खळगा तिकडे कलला. उलटी केली तरी पोकळ टोक तिच्याच बाजूला राहिलं होतं. कुणी कूस बदलली नव्हती.

उत्तर मिळालं होतं आणि ते साधं होतं. दर वर्षी उन्हं दाखवली असती, उसवून धुतली असती, झोडपली असती, तर कसर लागलीच नसती. जपायची म्हणून हात लावला नाही, आणि जपली गेली ती कसर.

तिने सवयीने तळवा खळग्यात ठेवला. भर दुपार होती, खिडकी बंद होती, हवा कोरडी होती. उशी कोमट होती.

तळवा तिथून काढायला तिला वेळ लागला. याचं उत्तर तिने शोधलं नाही. झोपलेलं मूल उचलावं तशी तिने उशी दोन्ही हातांवर घेतली आणि बाहेर आली.

वार्सेनिक पायरीशी उभी होती. "उन्हात का आणलीस?"

"मायरिक, कसर हिच्यातून आलीय."

"मग दवणा टाक. आत ने आधी."

"दवण्याने नाही जायची. आतून पोखरलीय."

"तो तुझ्याकडे वळलाय. तूही पाहिलंस. माझ्या तोंडावर खोटं बोलू नकोस."

"पाहिलं."

"मग?"

"कसरीने माझ्या बाजूची लोकर खाल्ली, मायरिक. तेवढी बाजू खचली." झारुहीने उशीचं टोक तिच्यापुढे केलं. "हात लावून बघा."

म्हातारीने हात लावला. बोटं आत गेली तशी ती झटकन मागे घेतली आणि एप्रनला पुसली, पुन्हा पुसली. तिच्या डोळ्यांतला सकाळचा उजेड जाताना झारुहीला दिसला, आणि आपण मान फिरवायची नाही एवढं तिने स्वतःला बजावलं.

"मग मेला म्हण," वार्सेनिक एकाएकी मोठ्याने म्हणाली. "म्हण ना! मी त्याला जन्म दिलाय, माझ्या तोंडून ते निघायचं नाही. तू शिकलेली आहेस. पुराव्याशिवाय बोलत नाहीस. आहे पुरावा? म्हण!"

पेप्रोन आणि तिच्या सुना गोट्यांवर वाकून उगाच वाळलेली लोकर पुन्हा पसरत होत्या. शुशान ओल्या हातांनी उभी होती आणि आईकडे बघत होती. तिच्या पायांशी चांगली लोकर आणि खाल्लेली लोकर, दोन वेगळे ढीग पडले होते. चांगला ढीग लहान होता.

पुरावा नव्हता. कधी येणारही नव्हता. "मला माहीत नाही" म्हणताना झारुहीला नेहमी वाटे, आपण प्रामाणिक आहोत. जे कळलेलं नाही त्यावर निर्णय कसा घ्यायचा? तळहातांवरची उशी अजून कोमट होती आणि उन्हात तिला तंबाखूचा, ओल्या चुन्याचा वास येत होता. त्याच्या बाजूने ती पूर्वीसारखीच भरलेली होती. तिच्या बाजूने काही उरलं नव्हतं.

"मेला की जिवंत आहे, मला माहीत नाही," झारुही म्हणाली. आवाज वर्गात असतो तसा स्वच्छ निघाला, याचं तिलाच नवल वाटलं. "पण सेद्राक या घरी परत येणार नाही, मायरिक. आणि मी आता त्याची वाट बघणार नाही. कात्री द्या. उशी मी उसवते."