न्यूयॉर्कचं घड्याळ

"तुम्ही स्वतः अमेरिकेला गेला आहात का हो कधी?" खांबेटेबाईंनी विचारलं.

मी पुस्तकातून मान वर केली नाही. "दोनदा," म्हणालो.

हे 'दोनदा' मी बावीस वर्षं सांगत होतो. पहिल्या वर्षी एका गृहस्थाला खरं सांगितलं होतं, तर तो छत्री उचलून थेट समोरच्या एजन्सीत जाऊन बसला. लोकांचंही चुकत नाही. डोंबिवलीत जन्म गेलेली माणसं साठाव्या वर्षी प्रथमच विमानात बसणार, पोरगा न्यायला येईल की नाही या धास्तीने आधीच अर्धी झालेली. त्यांना समोर बसलेला माणूस जाऊन आलेला हवा असतो. म्हणून मी जाऊन आलो. एकदा लंडनमार्गे, एकदा फ्रँकफर्टमार्गे.

खरं सांगायचं तर मी, गोपीनाथ भोईर, राहणार बाळकुम, विमानतळाच्या काचेच्या दारापलीकडे कधी गेलो नाही. वडील मिठागरात होते. मी मॅट्रिक झालो, टायपिंग शिकलो आणि उत्तमशेठच्या ट्रॅव्हल एजन्सीत चिकटलो. नौपाड्यातला एक गाळा, दोन टेबलं आणि भिंतीवर ओळीने चार घड्याळं: मुंबई, लंडन, न्यूयॉर्क, टोकियो. त्यांतलं फक्त मुंबईचं चालायचं. बाकीची तिन्ही दहा वाजून दहा मिनिटांवर थांबलेली. सेल आणू का म्हणून मी दोनदा विचारलं, तर उत्तमशेठ म्हणाले, "अरे, शोभेची आहेत ती. कोण बघतंय?"

माझी सगळी विद्या त्या पुस्तकातली. जगातल्या सगळ्या विमानांच्या वेळा त्यात बारीक अक्षरात छापलेल्या, दर महिन्याला नवं पुस्तक येई. मागचं मी घरी न्यायचो. बायको, बायजा, ते पापडांवर वजन म्हणून ठेवायची; पण त्याला पाय लागला तर नमस्कार करायची. माझी शालू लहानपणी मांडीवर बसून विचारायची, "बाबा, आता टोकियोहून कुठलं विमान सुटलं?" आणि मी पान काढून सांगायचो. पुस्तकात आहे म्हणजे आहे, अशी आमच्या घरात समजूत.

बाकीचं ज्ञान परत आलेल्यांकडून उपटलेलं. कोणी आभार मानायला पेढे घेऊन आला की मी त्याला तासभर बसवून घ्यायचो. झोप कधी आली? पाय सुजले का? तिकडे पोचल्यावर किती दिवस पहाटे तीनला डोळे उघडत होते? त्यातून मी माझा नियम तयार केला, आणि तो ठाण्यापासून कल्याणपर्यंत प्रसिद्ध होता. विमानात बसलात की घड्याळ तिकडच्या वेळेला लावायचं. मग इथे किती वाजले असतील हा विचारसुद्धा करायचा नाही. खाणं, पिणं, झोप, सगळं तिकडच्या घड्याळाने.

खांबेटेबाईंनी तो नियम वहीत उतरून घेतला. मिस्टर खांबेटे निवृत्त मास्तर, ते नुसतेच मान डोलावत होते. "बुधवारी येऊन तारीख नक्की करतो," म्हणाले आणि दोघं गेले.

त्या बुधवारच्या आधीच्या मंगळवारी माझ्या घरचंच माणूस विमानात बसणार होतं.

शालू नर्स झाली, लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. जावई कॉम्प्युटरमधला, माणूस चांगला. तिचे दिवस भरत आले तेव्हा तिने आम्हा दोघांनाही बोलावलं. दोघांचे पासपोर्ट झाले, व्हिसे झाले. मी स्वतःसाठी नवी बॅगसुद्धा आणली. आणि मग उत्तमशेठनी रजा नाही म्हणून सांगितलं.

"दिवाळी तोंडावर, पुढे डिसेंबर. तू गेलास तर पुस्तक कोण वाचणार रे?"

"तुमचा भाचा आहे ना."

"त्याला काय कळतं त्यातलं?"

त्या काही न कळणाऱ्या भाच्याने विमान कंपनीच्या फुकट तिकिटांवर तीनदा युरोप पाहिला होता. मला पुस्तक वाचता येतं म्हणून मी जायचं नाही, त्याला येत नाही म्हणून त्याने जायचं. असा संताप आला की ते पुस्तक शेठच्या डोक्यात घालावं. घातलं नाही. सत्तावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देतो? माझी बॅग बायजाच्या सामानात गेली.

मग मी बायजासाठी विमान निवडायला बसलो. आठ दिवस निवडत होतो. तिला इंग्रजी येत नाही, म्हणून मधे विमान बदलायला नको. लंडनला थांबलं तरी चालेल, पण जागेवरून उठायचं काम नको. हवाईसुंदरीला हिंदी यावं. खुर्ची कडेची हवी, संडास जवळ हवा. आणि न्यूयॉर्कला दुपारी उतरावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत जागं राहून रात्री वेळेवर झोप लागेल. असं एकच विमान निघालं, मंगळवारी पहाटे तीनचं. इतकं सुंदर तिकीट मी आजवर कोणाचंही काढलं नव्हतं.

तिकीट घरी आणलं, तिच्या हातात दिलं. तिने ते देवापुढे ठेवलं आणि शेजारच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"अवो," ती म्हणाली, "या मंगळवारी तर अंगारकी हाय."

आमच्या ऑफिसात विमान कंपनीचं कॅलेंडर. त्यावर बर्फाचे डोंगर असतात, तिथी नसते. लोक मुहूर्त विचारायचे तेव्हा मी त्यांची थट्टा करायचो, आणि स्वतःच्या बायकोची संकष्टी विसरलो. तीही साधी नाही, अंगारकी. आमची पहिली दोन मुलं गेली, त्यानंतर टिटवाळ्याच्या गणपतीला नवस बोलून शालू झाली. तेव्हापासून सव्वीस वर्षं बायजाची एक संकष्टी चुकली नव्हती. अंगारकीला तर टिटवाळ्याची वारी, आणि चंद्र पाहिल्याशिवाय तोंडात घास नाही. आणि आता त्याच शालूचं बाळंतपण.

"तारीख बदलाल?"

"बदलता येत नाही. आणि पुढची जागा दहा दिवसांनी आहे. तोपर्यंत पोरगी थांबणार आहे का?"

"बरं. मंग करीन उपास विमानात. पन चांद कवा बगू? कंचा बगू?"

मी आधीच शेठवर भडकलेलो, त्यात स्वतःच्या चुकीवर. तिच्यावर खेकसलो. "किती वेळा सांगितलं तुला? विमानात बसलीस की सगळं तिकडच्या घड्याळाने. झोप तिकडची, जेवण तिकडचं आणि चंद्रपण तिकडचा! इथलं काही मनात आणायचं नाही."

"बरं," ती म्हणाली.

सोमवारी रात्री विमानतळावर काचेच्या दाराशी मी तिच्या मनगटावरचं घड्याळ काढलं. अकरा वाजले होते. काटे मागे फिरवून साडेबारा केले.

"ह्ये काय, दुपार झाली?"

"तुझ्यापुरती झाली. आता याला हात लावायचा नाही."

तिने मान हलवली, पिशवी छातीशी धरली आणि आत गेली. काचेतून लुगड्याचा हिरवा काठ थोडा वेळ दिसला.

मंगळवारी मी ऑफिस केलं. संध्याकाळी शेजारच्या कलावतीने बोंबील तळून पाठवले, भाकरी पाठवली. मी पोटभर जेवलो. नवाच्या सुमारास बाळकुमच्या खाडीवर स्वच्छ चंद्र आला. तोही पाहिला. बायजा आता समुद्रावर असेल, तिला तिथे लख्ख ऊन असेल, असा हिशेबही मनात करून झाला. पण ज्या बाईने सोमवारी रात्री आठला शेवटचा घास खाल्ला, तिचा मंगळवार मी साडेदहा तासांनी लांबवून ठेवलाय, हे डोक्यात आलं नाही. एवढं पुस्तक वाचणारा मी, हा साधा हिशेब चुकलो.

बुधवारी साडेनऊला शटर वर करतोय तोच आत फोन वाजत होता. शालू होती.

"बाबा, आई काही खात नाहीये."

"पोचली ना नीट?"

"पोचली हो! पण चंद्र दिसला नाही म्हणून जेवत नाही. इथे संध्याकाळपासून आभाळ भरलंय, आता रात्रीचे अकरा वाजले. विमानातपण नुसतं पाणी पिऊन आलीय, तिथल्या फळांना मटणाचा चमचा लागला असेल म्हणे. दोनदा चक्कर आली तिला. भिंत धरून चालतेय. आणि मला उद्या सकाळी ॲडमिट व्हायचंय, बाबा!"

"अगं, इथे कालच उगवला चंद्र. सांग तिला."

"सांगितलं. म्हणते, तुझ्या बाबांनी घड्याळ लावून दिलंय, इथलाच चंद्र बघायचा. कॅलेंडर आणलंय तिने, पण त्यात मुंबईचीच वेळ आहे. इथे चंद्र किती वाजता उगवतो हे कोणाला माहीत?" ती रडायला लागली. "तुम्हीच सांगा तिला काहीतरी."

बायजा फोनवर आली. आवाज खोल गेलेला.

"अवो, नीट आले मी. तुमी सांगितलंत तसंच केलं समदं. घड्याळाला हात नाय लावला."

"बायजा, जेव आता. मी सांगतोय ना."

"रागावू नका. वेळ ठाऊक असती तर आभाळाला हात जोडून जेवले असते. पन वेळच नाय ठाऊक. शालूचं सकाली हाय, आनि मी आजच मोडू? मना नाय जमनार."

मला ओरडावंसं वाटलं. शेठवर, तिच्यावर, गणपतीवर, त्या आभाळावर. बावीस वर्षं मी दुनियेला सल्ले वाटले आणि माझी बायको त्यातलं अक्षर न् अक्षर पाळून उपाशी बसली होती. तिच्याएवढा नियम आजवर कोणीच पाळला नव्हता.

टेबलावर पुस्तक पडलं होतं. मी ते ओढलं आणि पानं उलटली. पानांचा आवाज फोनमधून तिला जात असणार.

"काय करताय?"

"थांब. पुस्तकात बघतो."

न्यू जर्सीजवळच्या विमानतळाचं पान काढलं. तिथून क्लीव्हलंडला जाणारं एक विमान होतं, रविवार सोडून रोज, संध्याकाळी सात बावन्नचं.

"हं, मिळालं," मी म्हणालो. "मंगळवार. सात वाजून बावन्न मिनिटं. उगवून तीन तास झाले बायजा."

ती म्हणाली, "पुस्तकात हाय?"

"छापलेलं आहे."

"मंग झालं की. शालू, पान वाढ गं. आदी ताम्हन दे." आणि मला, "तुमी जेवलात काल?"

"जेवलो," मी म्हणालो. आणि फोन ठेवला.

उत्तमशेठ मागे येऊन उभे राहिले होते. "सकाळी सकाळी कोणाचं बुकिंग रे?" मी पुस्तक तसंच उघडं ठेवलं.

अकराला खांबेटे आले. बाईंनी वही काढली. "तुमचा तो घड्याळाचा नियम यांना अगदी पटला बरं का. फक्त एक शंका. यांना साखरेची गोळी लागते, सकाळ-संध्याकाळ. ती कोणत्या घड्याळाने द्यायची? तुम्ही जाऊन आलायत म्हणून विचारते."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. तोंडात आलंही होतं. तिकडच्या घड्याळाने, बाई, सगळं तिकडच्या घड्याळाने.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि पाण्याबरोबर घरचं काही खायला जवळ ठेवा."

"पण तुम्ही दोनदा..."

"मी कधी गेलो नाही. एकदाही नाही. खोटं बोललो."

शेठच्या खुर्चीचा आवाज झाला. मिस्टर खांबेट्यांनी बायकोकडे पाहिलं, मग समोरच्या रस्त्याकडे, जिथे ती दुसरी एजन्सी होती.

"आमच्या घरचं माणूस गेलंय," मी म्हणालो. "काल पोचलं. एकटंच गेलं."

खांबेटेबाईंनी वहीतला तो नियम एका रेघेने खोडला. उठल्या मात्र नाहीत. "डॉक्टरांना विचारून परवा येते," म्हणाल्या. "तोपर्यंत तारीख धरून ठेवा." ते गेल्यावर शेठ मला जे बोलायचं ते बोलले. मी ऐकून घेतलं.

दुपारी डबा उघडला नाही. उपासबिपास काही नव्हता, भूक नव्हती एवढंच. शेठ जेवायला घरी गेले तेव्हा मी स्टूल घेतलं आणि भिंतीपाशी चढलो. ड्रॉवरमध्ये जादा सेल नव्हता. मुंबईच्या घड्याळातला काढला आणि न्यूयॉर्कच्या घड्याळात घातला. माझ्या घड्याळात दीड वाजला होता. मी साडेदहा तास मोजले आणि काटे तीनवर आणले.

तीनला तिचे डोळे उघडले असणार. सगळ्यांचेच उघडतात.

शेठ परत आले, वर बघितलं. "अरे, मुंबईचं बंद पाडलंस? इथे किती वाजले ते लोकांना कळणार कसं?"

"विचारतील कोणाला तरी," मी म्हणालो, आणि पुस्तक पुढे ओढलं.