पुट्टीखालचा अंगठा

मित्रांनो, या सोनेरी रंगावर जाऊ नका. मी एक जुने खापर आहे. चुलीवर पालथे घालून ज्याच्यावर पुरणाचे मांडे भाजतात, ते.

धरणगावच्या वना कुंभाराने मला घडवले. लीद आणि राख मिसळून माती तुडवली, थापटीने थोपटून थोपटून मला पातळ केले आणि ओले असतानाच काठाच्या आत अंगठा दाबला. ही त्याची सवयच. त्याच्या अंगठ्यावर विळ्याचा तिरपा वण होता, तोही माझ्यात उमटला.

वच्छलाबाईच्या घरी मी उमेदीची वर्षे काढली. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आणि लग्नसराईत गल्लीभर माझी ने-आण चाले. "वनाभाऊनं खापर शे हाई, मांडा चिटकत नही," असे वच्छलाबाई ऐटीत सांगे. तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

पुढे चुली गेल्या, गॅस आला, मांडे विकत येऊ लागले. मी गच्चीवर गेले. माझ्यात कोंबडी बसू लागली. तिचा मला राग नाही, तिची निदान ऊब तरी होती. राग आहे तो कौतुकाचा. वच्छलाबाईच्या मुलाने, नीलेशने, धुळे रस्त्यावर हॉटेल काढले. अंगठ्याचा खड्डा त्याला खोट वाटली. त्यात पुट्टी भरली, वर सोनेरी ऑइलपेंट फासला आणि मला गल्ल्यामागे टांगले. पाटी लावली, 'अस्सल खान्देशी'. आत पोळ्या भाजतात लोखंडी तव्यावर!

परवा वनाची बायको बेबाबाई आली. वना गेल्या उन्हाळ्यात वारला. कुंभाराच्या घरात चांगले भांडे राहते कुठे? चांगले तेवढे विकले जाते. नवऱ्याच्या हातचे काहीतरी जवळ असावे म्हणून ती वच्छलाबाईकडे गेली, आणि तिथून इथे. नीलेश वाईट नाही. त्याने लगेच मला खाली काढून तिच्या हाती दिले.

"लई जाय अक्का, तुन्हंच शे."

तिने मला मांडीवर घेतले. काठाच्या आतून बोट फिरवले, पुन्हा फिरवले.

"आंगठा कोठे शे?"

"तो खड्डा? मी पुट्टी भरी दिन्ही ना. देख, कसं चकचकीत दिसस!"

तिने नखाने खरवडले. नखात नुसता सोनेरी रंग आला. बेबाबाई, मीच ते, अजून थोडे खरवड, असे मला ओरडावेसे वाटत होते. मातीला तोंड कुठे असते?

"राहू दे भाऊ," ती म्हणाली. "हाई त्यास्नं खापर नही."

आणि तिने मला परत दिले.

मी पुन्हा भिंतीवर आहे. लोक माझ्यासोबत फोटो काढतात. मित्रांनो, हाताने घडवलेल्या वस्तूवर खड्डा दिसला, वाकडी रेघ दिसली, तर ती बुजवण्याआधी कुणाला तरी विचारा. माझ्या बाबतीत विचारायला धरणगाव काही लांब नव्हते.